डांगराचा पाव

भाकरीबद्दल माझं काही वाईट मत नाही. लग्न होऊन पुणतांब्याजवळच्या या वस्तीवर आले तेव्हापासून रोज थापतेय, आणि माझी बाजरीची भाकरी फुगली नाही असं सहसा होत नाही. पण भाकरीला एक खोड आहे. ती करणारीला बसू देत नाही. एक तव्यावर, एक जाळावर, एक परातीत, आणि जेवणाऱ्याचा हात थांबायच्या आत आपला हात चालला पाहिजे. सगळ्यांचं उरकलं की मग आपण टेकायचं आणि टोपल्यातली तळाची, गार झालेली घ्यायची. यात कोणाचा दुष्टपणा नाही. भाकरीचा स्वभावच तसा आहे.

पावाचं तसं नाही. मिश्रण कालवलं, डब्यात ओतलं, ओव्हनचं दार लावलं की पुढचं त्याचं तो बघतो. आपण खुर्ची ओढून बसायचं, वाटल्यास भाजी निवडायची, नाही तर नुसतं काचेतून बघत राहायचं. आधी कडा वर येतात, मग मधला भाग फुगतो, मग वर एक चीर पडते. ती चीर पडली की मला अजूनही बरं वाटतं. आणि बाहेर आला की तो सगळ्यांच्या पुढ्यात एकदमच येतो. कापणारीसुद्धा त्यांच्यातच बसून गरम तुकडा तोंडात टाकू शकते. या वयात हे खूळ कुठून लागलं असं कोणी विचारलं की मी हेच उत्तर देते. ते कोणाला पटत नाही. लोकांचं मत असं की मी मोबाईल बघून बिघडले.

मी ज्याला पाव म्हणते तो काही बेकरीतला पाव नाही. त्यात फळ नाही तर भाजी असते, गूळ असतो, गव्हाचं पीठ असतं. फुगायला दही आणि सोडा. अंडं नाही, कारण आमच्या घरात ते चालत नाही. आमचे हे पहिल्यापासून त्याची थट्टा करतात. “केक म्हनावा तर वर मलई न्हाई, पाव म्हनावा तर ग्वाड लागतो. ह्याची जात कोनती?” असं म्हणून दोन तुकडे जास्तीचे घेतात. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय त्यांना जुनीच आहे.

सुरुवात मी कुकरमध्ये केली. जुना ॲल्युमिनियमचा कुकर, शिट्टी आणि रबर काढून टाकलेलं, तळाला जाड मिठाचा थर, त्यावर ताटली, ताटलीवर डबा. तळाशी करपायचं आणि वर कच्चं राहायचं. पुण्याला नोकरी करणारी लेक एका दिवाळीला आली, तिने ते बघितलं आणि पुढच्या खेपेला ओव्हन घेऊन आली. ओव्हन आला, पण वस्तीवर वीज आहे म्हणायची नुसती. शेतीची थ्री फेज सुरू झाली की शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम चालू होतात आणि ओव्हनमधला दिवा पिवळा पडतो. अशा वेळी पाव आत टाकला तर तो फुगायच्या ऐवजी विचार करत बसतो. म्हणून मी आधी कानोसा घेते. शेजारच्या विहिरीवरची मोटार गप्प असेल तरच पीठ कालवते. हे कोणत्याही व्हिडिओत सांगत नाहीत.

वर्षभरात काय काय होतं त्याचाही एक क्रम बसला आहे. थंडीत गाजराचा. गाजर किसून घालायचं, पण पिळायचं नाही. बिटाचा एकदा केला, रंग असा आला की नणंदेच्या पोराने हात लावला नाही. चिकूचा करताना गूळ निम्मा पुरतो. मेथी आणि कांदा घालून तिखटमिठाचाही करते, तो चहाबरोबर फस्त होतो. पेरू आमच्या घरचा, त्यामुळे पेरूचा पाव करायलाच हवा होता, पण त्याच्या बिया दाताखाली येतात म्हणून दोन हंगाम फसले. शेवटी पेरू उकडून, पुरणयंत्रातून काढून, वर चिमूटभर मिरपूड घालून जमला. तो भाजताना घरभर जो वास सुटतो तो बागेतल्या वासापेक्षा वेगळा असतो, जास्त घट्ट. मला तो फार आवडतो.

पण सगळ्यात जास्त केला तो केळ्याचा, आणि त्याला कारण झालं मामांचं आजारपण. मामा म्हणजे माझे सासरे. सासूबाई मी लग्न होऊन आले त्याच्या थोड्याच वर्षांनी गेल्या. लेक पुण्याला गेल्यापासून घरात मी, आमचे हे आणि मामा.

मामा तंबाखू खात. साधंसुधं नाही, पहाटे उठल्यापासून. त्यांची आणि आमच्या पेरूच्या बागेतलं फळ दरवर्षी ठोक घेणाऱ्या बागवानाची दोस्ती याच तंबाखूवर. बागवान श्रीरामपूरचे, मुसलमान, मामांच्याच वयाचे. मी त्यांना चाचा म्हणते. हंगामाच्या तोंडावर चाचा येणार, दोघं बांधावर बसणार, एकाच पुडीतून दोघं मळणार, आणि मग भावावरून असे भांडणार की नवख्या माणसाला वाटावं आता पोलीस बोलवावे लागतात. सौदा संध्याकाळपर्यंत मोडायचा आणि चहा पिताना जुळायचा. असं तीसेक वर्षं चाललं होतं.

तंबाखूला जे करायचं होतं ते तिने केलं. मामांच्या गालात गाठ निघाली. नगरला ऑपरेशन झालं, जबड्याचा एक तुकडा काढला, मग शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायला सुरुवात झाली. मामा घरी आले ते निम्मे होऊन. चेहरा एका बाजूला ओढलेला, तोंडात लाळ नाही, तिखटाच्या नुसत्या वासानेही डोळ्यांत पाणी. भाकरी चुरून दुधात भिजवली तरी ती टाळूला चिकटायची. आणि खाताना ओठाच्या त्या बाजूने सांडायचं. त्यांना ते कळायचं नाही, कारण त्या बाजूला जाणीवच राहिली नव्हती. एकदा आमच्या ह्यांनी न बोलता रुमाल पुढे केला. तेव्हा मामांना कळलं की आपल्या तोंडातून सांडतंय.

त्या दिवसापासून ते भिंतीकडे तोंड करून जेवायला लागले. पडवीतल्या खाटेवर, आमच्याकडे पाठ. डोक्याचं उपरणं सोडून जबड्यावरून गुंडाळलेलं. ताट जसंच्या तसं परत यायचं. दूध तेवढं प्यायचे, तेही अर्धं.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. वजन आणखी उतरलं तर पुढचे शेक देता येणार नाहीत आणि नाकातून नळी घालावी लागेल. मामांनी वॉर्डात नळी लावलेला माणूस बघितला होता. घरी येताना गाडीत ते एवढंच बोलले, “नळी लावून मी घरी येनार न्हाई.” आणि मामा जे बोलत ते करत. पुढची तपासणी जवळ येत होती आणि उपरण्याखालची मान दिवसेंदिवस बारीक होत होती. मला भीती वाटत होती. ज्या माणसाशी उभ्या जन्मात दहा वाक्यं सरळ बोलले नाही, त्याच्या ताटात किती उरलंय हे बघून मला रडू यायचं.

सरळ बोलले नाही हे खरंच. आमच्यात सासऱ्यांशी बोलायची पद्धत नव्हती आणि त्यांचीही सुनेशी बोलायची नव्हती. चहा हवा असला की मामा खांबाला सांगत, “चहा झाला असंल तर बरं होईल.” स्वयंपाकघराकडे यायचं झालं तर आधी अंगणातून खाकरत, म्हणजे मी पदर सारखा करावा. ऑपरेशननंतर त्यांना धड खाकरता येईना. मग ते काठी आपटत.

तर केळी. आमच्याकडे कोणी आजारी पडलं की भेटायला यायचं असतं, आणि येताना हातात डझनभर केळी आणि बिस्किटांचा पुडा असायलाच हवा. माणूस गिळू शकत नसला तरी केळी येणार. येणारा तासभर बसणार, आपल्या पाहण्यातला कोण कोण असाच गेला ते साग्रसंगीत सांगणार, “काळजी करू नका” म्हणून उठणार. केळी मागे राहणार. नको म्हणायची सोय नाही. फडताळात केळी, देवळीत केळी, धान्याच्या कोठीवर केळी. आम्ही खाल्ली, गडीमाणसांना दिली, गाईला घातली. शेवटी गाईनेही तोंड फिरवलं. तेव्हा मी ती काळी पडलेली केळी कुस्करून पाव करायला घेतले, आणि खरं सांगते, केळं जितकं काळं तितका पाव चांगला होतो. पिवळ्या केळ्याच्या पावाला चवच नसते.

पहिला लादीसारखा बसला. दुसरा बरा झाला. तिसरा इतका मऊ झाला की मला वाटलं, हा गिळता येईल. लुसलुशीत, ओलसर, ना तिखट ना खारट. चिकटत नाही, बोचत नाही. पातळ काप करून, दुधाचा हबका मारून मी ताटलीत ठेवला आणि आमच्या ह्यांच्या हाती पडवीत पाठवला.

ताटली तशीच परत आली. मामा म्हणाले होते, “पाव खायला मी काय मरायला टेकलोय का?”

यात त्यांची चूक नव्हती. आमच्या भागात जुन्या माणसांच्या लेखी पाव हे आजाऱ्याचं खाणं. धडधाकट माणूस भाकरी खातो. दवाखान्यात असलेल्याला चहा-पाव. आणि आता काही उरलं नाही म्हणून घरी आणून ठेवलेल्याला पाव-दूध. ‘अमका पाव-दुधावर आलाय’ असं कोणी म्हटलं की ऐकणारा पुढचं विचारत नाही, गावाला जायचं रद्द करतो. मामांचे थोरले भाऊ शेवटी पाव-दुधावरच होते, आणि त्यांना चमच्याने भरवायला मामा स्वतः बसत.

मग मी डांगराचा केला. लाल भोपळ्याला आमच्याकडे डांगर म्हणतात. सासूबाई डांगराचे घारगे करत आणि मामांना ते आवडत, हे मला माहीत होतं. डांगर वाफवून, घोटून, गुळात शिजवून गार केलं, त्यात पीठ, दही, तूप, वेलदोडा आणि जायफळ. डांगराने पाव केळ्याहूनही मऊ होतो आणि रंग हळदीच्या अंगासारखा येतो. मी ह्यांना बजावलं, “पाव म्हणू नका. घारगा म्हणा, ओव्हनातला.”

हे जाऊन आले. “वळखला,” म्हणाले. “म्हनले, पाव त्यो पाव. गुळात बुडवला म्हनून घारगा हुत न्हाई.”

मला राग आला. इतका की मी तो सगळा पाव वाटून टाकायचं ठरवलं. शेतात काही नवं आलं की शेजारीपाजारी वानोळा पाठवायची आमची रीत आहे. तसा मी डांगराच्या पावाचा वानोळा केला. एक तुकडा शेजारच्या वस्तीवर, एक गावात जाऊबाईंकडे. आणि नेवाशाचे एक पाहुणे मामांना भेटून, केळी ठेवून, परत निघाले होते, त्यांच्याकडे एक डबा नणंदेसाठी दिला. नणंद नेवाशाला दिलेली आहे, मामांची एकुलती एक लेक. निरोप सांगितला, “मामांसाठी पाव केला होता, त्यातला आहे.” मला म्हणायचं होतं की चव बघा आणि कसा झालाय ते कळवा. पाहुण्यांनी डबा पोचवला आणि निरोप अर्धा पोचवला. “तुझ्या वडलांसाठी पाव केलाय.”

नणंदेने डबा उघडला तो दुसऱ्या दिवशी पहाटे. आत पाव. तिने मला फोन लावला, माझा फोन आतल्या खोलीत चार्जिंगला होता आणि मी गोठ्यात. भावाला लावला, तो पाणी द्यायला गेलेला, मोटारीच्या आवाजात त्याला काय ऐकू येणार. दोन्ही फोन कोणी उचलत नाही म्हटल्यावर तिच्या मनात जी थोडीफार आशा शिल्लक होती तीही गेली. तिने जीप ठरवली. वाटेवरच्या नातेवाइकांना फोन केले. त्यांनी त्यांच्या नातेवाइकांना केले. बाबा पाव-दुधावर आलेत.

सकाळी मी अंगणात तांदूळ निवडत होते तेव्हा जीप आली. त्यामागे एक टेम्पो. त्यामागे मोटारसायकली. बायका खाली उतरतानाच पदर तोंडाला लावून होत्या. नणंद माझ्याकडे न बघता पळत पडवीत गेली आणि खाटेवर पाठमोऱ्या झोपलेल्या मामांच्या पायांवर पडून तिने हंबरडा फोडला. तिच्यामागे बाकीच्यांनी सूर लावला. आणि जवळजवळ प्रत्येकाच्या हातात केळी होती.

मामा दचकून उठून बसले. लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. सगळ्यांकडे बघितलं. उपरणं सावरलं आणि घाबऱ्या आवाजात विचारलं, “कोन गेलं?”

रडणं एका दमात थांबलं. मामा पुन्हा म्हणाले, “आरं, सांगा की. कोन गेलं?”

नणंद हुंदका गिळत म्हणाली, “कोनी न्हाई, बाबा. तुमीच... तुमी पाव-दुधावर आला म्हनून कळलं.”

मी दारात उभी होते. मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती, दोन्ही एकदम. मामांचा चेहरा लाल झाला. ऑपरेशनपासून त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच रंग बघत होते. त्यांनी काठी जमिनीवर आपटली आणि माझ्याकडे वळले. खांबाकडे नाही, माझ्याकडे.

“सूनबाई,” ते म्हणाले, “आन त्यो पाव.”

वाटताना डांगराच्या पावाचा एक मोठा तुकडा मी आमच्यासाठी काढून ठेवला होता. काप केले, ताटलीत घालून नेले. दूध नेलं नाही, ते मला त्या घाईतही सुचलं. मामांनी खाटेवरून पाय खाली सोडले, पाठ भिंतीला लावली आणि तोंड सगळ्यांकडे केलं. मग उपरणं काढून मांडीवर ठेवलं. ओढलेला गाल, शिवणीचा व्रण, सगळं उघडं. “बगा,” म्हणाले. “मरायला टेकलेला मानूस कसा खातो त्ये नीट बगा.”

त्यांनी पहिला घास घेतला. खूप वेळ चावला. एका बाजूने पिवळा चुरा सांडला, हनुवटीवरून सदऱ्यावर आला. नणंदेने पदर पुढे केला, तो त्यांनी हाताने दूर सारला. दुसरा घास घेतला. पडवीत इतकी माणसं होती पण फक्त त्यांच्या चावण्याचा आवाज येत होता. एक काप संपला. दुसरा संपला. तिसऱ्याला दम लागला म्हणून थांबले, पाणी प्यायले, आणि तोही संपवला.

तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली आणि चाचा आत आले. बातमी श्रीरामपूरलाही गेली होती. ते धापा टाकत पडवीच्या पायरीवर उभे राहिले, पाव खाणाऱ्या मामांकडे बघितलं, रडून सुजलेल्या बायकांकडे बघितलं.

“दादा,” ते म्हणाले, “आवंदाच्या बागेचा सौदा ऱ्हायलाय. त्याच्याआदी जायचं न्हाई, आत्ताच सांगून ठिवतो.”

“लई कमी बोलला हुतास गेल्या साली,” मामा म्हणाले. “आता बसून वसूल करतो.”

मग जे हसणं झालं ते रडण्याहून मोठं होतं. मी सगळ्यांसाठी पिठलं-भाकरी टाकली, आणि हो, सगळ्यात शेवटी जेवले. भाकरीच ती. संध्याकाळी गाड्या गेल्यावर घरात केळ्यांचा असा ढीग होता की महिनाभर मी दुसऱ्या कशाचा पाव केला नाही.

रागाच्या भरात सुरू झालेलं खाणं मामांनी पुढे चालू ठेवलं. रोज सकाळी काठीचा आवाज यायचा आणि मागोमाग, “सूनबाई, हाय का?” कधी केळ्याचा, कधी डांगराचा, कधी गाजराचा. पुढच्या तपासणीला वजन उतरलं नव्हतं, थोडं वाढलंच होतं. डॉक्टरांनी नळीचं नाव काढलं नाही. शेक पुरे झाले. येताना गाडीत मामा झोपून गेले आणि मी पुढच्या सीटवर बसून, कोणाला दिसणार नाही अशा बेताने, मनसोक्त रडून घेतलं.

हळूहळू ते पडवीतून आत आले. पाव ओव्हनमध्ये असला की खुर्चीवर येऊन बसत. काचेतून बघायला त्यांनाही आवडायला लागलं. “फुटला बग वरून,” असं मला सांगत. पेरूच्या बिया पुरणयंत्राने काढायची युक्ती सुचायच्या आधी माझे पेरूचे जे दोन पाव फसले ते त्यांनीच चघळले आणि बिया अंगणात थुंकल्या. एक मात्र होतं. हे सगळं घरात. बाहेर कुठे गेले, लग्नाला, तेराव्याला, तर उपरणं जबड्यावर घट्ट गुंडाळलेलं आणि तोंडात पाण्याचा थेंब नाही. लोक आग्रह करत. मामा हात जोडत आणि उपाशी घरी येत. पडवीतलं ते खाणं रागाचं होतं, आणि राग रोज येत नाही. त्याबद्दल मी कधी काही बोलले नाही. प्रत्येकाचं एक दुखणं असतं.

पुढच्याच्या पुढच्या हंगामाला बाग बघायला चाचा आले नाहीत, त्यांचा मुलगा आला. मामांनी बांधावर त्याला शेजारी बसवून विचारलं तेव्हा त्याने मान खाली घातली. त्याच जागी गाठ, तेच ऑपरेशन. अब्बा कोणाला भेटत नाहीत, म्हणाला. जेवत नाहीत. तोंडावरून रुमाल काढत नाहीत.

मामा त्या दिवशी भाव काही बोललेच नाहीत. पोरगा म्हणाला त्या भावाला बाग दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काठी आपटली. “डांगराचा कर,” मामा म्हणाले. “थोडा वला ठेव. आन् मला श्रीरामपूरला सोड.”

“केळी घ्यायची का वाटेत?” मी विचारलं.

“केळी कशाला? त्याच्या घरी काय कमी आली असत्याल?”

शिवारातल्या मोटारी बंद होईपर्यंत थांबून मी पाव केला. गरमच डब्यात भरला. माझ्या स्कूटीवर मागे बसायला मामांना कमीपणा वाटेल असं मला वाटलं होतं, पण ते काठी आडवी धरून निमूट बसले. सुनेच्या गाडीवर सासरा, रस्त्यावरच्या लोकांनी माना वळवून बघितलं. डबा त्यांच्या मांडीवर होता आणि वेलदोड्याचा वास सारखा पुढे येत होता.

चाचांच्या घरी त्यांची सून दारात आली. आत खाटेवर चाचा पाठमोरे पडले होते, तोंड भिंतीकडे. खिडकीत केळी. मी आणि ती दाराशीच थांबलो. मामांनी हाक मारली नाही. खुर्ची उचलली आणि खाटेला वळसा घालून भिंत आणि खाट यांच्यामधल्या अरुंद जागेत ठेवून तिच्यावर बसले. आता चाचांना बघायला दुसरीकडे जागाच नव्हती.

चाचांनी डोळे मिटले. मामांनी डबा उघडून मांडीवर घेतला. मग दोन्ही हात वर नेऊन जबड्याचं उपरणं सोडलं. परक्या घरात, परक्या सुनेसमोर. त्यांनी एक काप उचलला आणि खायला लागले. सावकाश, तोंड न झाकता. चुरा सांडला. ओठाच्या त्या बाजूने ओल्या चुऱ्याची धार आली. मामांना ती जाणवत नव्हती, पण ती येते हे आता त्यांना माहीत होतं, आणि तरीही हात वर गेला नाही.

चाचांनी डोळे उघडले. बराच वेळ मामांच्या तोंडाकडे बघत राहिले. मामांनी दुसरा काप पुढे धरला.

चाचा पाय खाली सोडून मामांसमोर उठून बसले. त्यांचा हात रुमालाशी गेला आणि थांबला. मग त्यांनी रुमाल खाली ओढला.

“घाई न्हाई,” मामा म्हणाले.

पहिला घास त्यांना गिळायला फार वेळ लागला. त्यांची सून माझा हात घट्ट धरून उभी होती. घास उतरल्यावर चाचा बोलले. शब्द फुटके होते, पण व्यापारी जुना होता.

“डांगर... किती दिलं?”

“घरचं हाय.”

“मंग ठीक हाय,” चाचा म्हणाले आणि त्यांनी दुसरा घास घेतला.

त्या अरुंद जागेत गुडघ्याला गुडघे लावून दोघं म्हातारे खात राहिले. दोघांच्याही तोंडातून पिवळा चुरा सांडत होता, आणि दोघांपैकी कोणीही तो पुसत नव्हतं.